आठव्या गाण्याची शांतता

“तोंड उघडायला काय जातं माणसाचं? चांगलं झालं म्हणा, वाईट झालं म्हणा... नुसतं आपलं काचेपलीकडे बसून राहायचं, मत्स्यालयातल्या माशासारखं! तूच सांग, हिला गाणं कळतं तरी का?”

हे सगळं तो सांगत होता गिटारीला. गिटारीनं अर्थातच उत्तर दिलं नाही. मान खाली घालून तो तार पिळत होता, आणि कुजबुज इतकी हळू की शेजारी बसलेल्यालाही ऐकू गेली नसती. पण काचेपलीकडच्या माशाच्या कानांवर हेडफोन होते, आणि गिटारीपुढचा माईक असा तिखट, की माशी बसली तरी चुगली करायचा. ती कुजबुज थेट तिच्या कानात उतरली – कुणीतरी मागून येऊन खांद्यावर हनुवटी टेकवून बोलावं, तशी.

तिनं समोरचं लाल बटण दाबलं.

“माईक चालू आहे.”

तो जागच्या जागी थिजला. “...कुठला?”

“दोन्ही.”

“कधीपासून?”

“तोंड उघडायला काय जातं, तेव्हापासून.”

काचेतून तिला स्पष्ट दिसलं. आधी त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग मान, आणि मग तो गिटारीच्या मागे लपता येतं का ते बघायला लागला.

“गाणं कळतं मला,” ती म्हणाली. “चांगलं झालं होतं. फक्त दुसऱ्या ओळीत श्वास लवकर घेतलात, आणि मधे खुर्ची कुरकुरली. तुमच्याइतकी नाही, पण कुरकुरली.”

तो हसला. आवाज न करता, नुसता नाकातून श्वास सोडून. तो श्वासही तिच्या कानात आला, आणि तिनं उगीचच आवाजाची सरकपट्टी जरा खाली ओढली.

“मॅडम, एक सांगू? तुमचं बटण अडकतंय. बोट काढलंत, तरी दिवा चालूच आहे. म्हणजे तुमचं मला ऐकू येतंय अजून.”

तिनं अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपसली, टोक बटणाच्या कडेला घातलं आणि टचकन वर केलं. दिवा विझला. पेन्सिल परत अंबाड्यात. हे तिला इतकं सवयीचं होतं, की आपण काही वेगळं करतोय असं तिच्या मनातही आलं नाही.

तो मात्र बघतच राहिला. “स्प्रिंग गेलीये हो. लिफ्टचं बटण अस्संच अडकतं. दोन मिनिटांचं काम आहे, मी करून...”

तिनं पुन्हा बटण दाबलं. “माझ्या मशीनला हात लावायचा नाही.”

“नाही लावत,” तो म्हणाला. एवढं एक वचन त्यानं पुढे फार इमानदारीनं पाळलं.

तर हा लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करायचा आणि गाणी लिहायचा. गाणी म्हणायला त्याची आवडती जागा म्हणजे दोन मजल्यांच्या मधे थांबवलेली लिफ्ट. तिथे आवाज घुमतो आणि कुणी टोकायला येत नाही. या इमारतीतली लिफ्ट बिघडली म्हणून तो आला, चौथ्या मजल्यावर दार उघडलं, तर समोर उभ्या असलेल्या बाई फोनवर कुणाला तरी म्हणत होत्या, “नाही, आज जमणार नाही.” त्याच्या हातातला पाना खाली पडला. तो आवाज तो कित्येक वर्षं ऐकत आला होता. “तिसरा मजला. दरवाजा उघडत आहे.” – तोच!

त्या बाई म्हणजे हिची मावशी. शहरातल्या, परगावच्याही निम्म्या लिफ्टा मावशीच्या आवाजात बोलायच्या. मावशीनं त्याच आवाजाच्या जिवावर चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हा छोटा स्टुडिओ उभा केला होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराला जाड पडदे, मधे एक मोठी काच. गाद्या वेगवेगळ्या घरांतून आलेल्या, त्यामुळे एका भिंतीवर गुलाबाची फुलं, तर दुसरीवर विटका हत्ती. इथे रेकॉर्ड व्हायच्या त्या लिफ्टच्या सूचना, मुलांचे पाढे आणि गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती. यंत्रावर बसायची भाची. लहानपणी शेजारच्या घरातलं भांडण भिंतीला कान न लावता शब्दन् शब्द सांगायची, म्हणून मावशीनं तिचं नाव ठेवलं कानसेन. तानसेन नाही तर नाही, कानसेन तरी हो, म्हणाली. तेच नाव चिकटलं.

कानसेनला अल्बम करायचा होता. एक तरी. गुडघेदुखी नसलेला. आणि हा मेकॅनिक त्या दिवशी मावशीच्या पायाशी पडलेला पाना उचलता उचलता म्हणाला होता, “माझ्याकडे आठ गाणी आहेत. फक्त गिटार आणि मी. कराल का?”

म्हणजे हा त्याचाही पहिला आणि तिचाही पहिला. बिघडला असता तर दोघांचाही बिघडला असता.

*

कानसेनची काम करण्याची एक पद्धत होती, आणि तिच्यापुढे कुणाचं चालायचं नाही. आधी स्वयंपाकघरातला फ्रिज बंद करायचा, कारण त्याची घरघर माईकला ऐकू येते. फ्रिज बंद केला की दाराची किल्ली त्याच्यात ठेवायची. म्हणजे निघताना किल्ली शोधत माणूस फ्रिजपाशी जातो आणि तो सुरू करायची आठवण राहते. आणि दुसरं म्हणजे, प्रत्येक गाण्याआधी एक मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. गाणं जिथे कापायचं, जोडायचं, तिथे मधल्या फटीत ही शांतता भरावी लागते. नाहीतर ठिगळ उघडं पडतं.

“शांतता विकत आणता येत नाही का?” त्यानं विचारलं होतं.

“येते. पण ती दुसऱ्या खोलीची असते. ज्या खोलीत गायलात, तिचीच लागते. आणि तुम्ही आत बसलेले असतानाचीच. माणूस असला की खोली वेगळी वाजते.”

“गप्प बसलेला माणूससुद्धा?”

“गप्प बसलेला तर जास्तच.”

पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची ताई आली होती. ताई शाळेत खेळ शिकवायची. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आणि मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. “आता एक मिनिट शांतता,” कानसेन म्हणाली, तशी ताई चटकन उठून उभी राहिली, हात बांधले, डोळे मिटले. मिनिट संपल्यावर हळूच म्हणाली, “कोण गेलं गं?”

मावशी इतकी हसली, की हेडफोन घातलेल्या भाचीला ते मिनिट पुन्हा घ्यावं लागलं.

या शांततेच्या मिनिटांत कानसेनला तो नीट कळायला लागला. गाताना माणूस आपल्याला हवा तेवढाच दिसतो. गप्प बसला की उरलेला दिसतो. तो बसला की आधी एक मोठा श्वास. मग पाठ टेकल्याचा आवाज. मग हाताचा अंगठा तारेवरून अगदी अलगद फिरायचा, तार न वाजवता, नुसता मायेनं. हात तेलकट असायचे म्हणून तो येण्याआधी दोनदा साबणानं धुवायचा, आणि खोलीत साबणाचा वास त्याच्याआधी यायचा. आणि तो हसला, तर नाकातून तो एक छोटा श्वास. शांततेत कशाला हसतो हा?

पण खरी गोम होती ती गाण्यांत. आठही गाणी एकाच मुलीवर होती.

*

पहिलं गाणं असं होतं –

*दोन मजल्यांच्या मधेच थांबलो आपण,*
*खाली माझा रस्ता, वर तुझं अंगण...*

तिसऱ्यात ती छत्री उलटी धरून पाणी निथळवत होती. पाचव्यात आरशात बघत होती. कानसेनला राहवेना. कोण ही? काय करते? कुठल्या मजल्यावर उतरते? दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि चहाचे कप घेऊन ती तडक आतल्या खोलीत गेली.

“कोण आहे ती?”

“कोण?”

“उगाच साळसूदपणा नको. गाण्यातली.”

“आहे एक.” त्यानं कप घेतला.

“नाव?”

“नाव घेता आलं असतं तर गाणं कशाला लिहिलं असतं?”

“बरं, मजला तरी सांगा.”

“मजला सांगितला, तर तुम्ही जाऊन बेल वाजवाल.”

“वाजवीनच!”

“म्हणून तर...” तो चहात बघत म्हणाला. “असं करू या. दर वेळी एक तर्क करायचा. बरोबर आला, तर सांगेन.”

मग ते सुरूच झालं. दातांची डॉक्टर? नाही. विमानात काम करते? मॅडम, मी लिफ्टवाला, माझी उडी दहाव्या मजल्यापर्यंत. शाळेत शिकवते? एक शिकवणारी घरात आहे, तेवढी पुरे. रागीट आहे? थोडी. गोरी की सावळी? हेडफोनच्या रंगाची... म्हणजे, असं काही नसतं हो, उजेडावर असतं!

“ओळखीची आहे का माझ्या?”

त्यानं कप खाली ठेवला. “होतेय हळूहळू.”

याचा अर्थ काय, ते कानसेनला कळलं नाही. ती कप घेऊन परत गेली, हेडफोन चढवले, आणि स्वतःचा चहा नेहमीसारखा विसरली. चहा निवून त्याच्यावर साय धरली, तेव्हा तिनं तो एका घोटात पिऊन टाकला. काचेपलीकडून तो बघत होता.

एकदा त्यानं कबूल केलं. “खरं सांगू का? लिहिली तेव्हा ती कुणीच नव्हती. एकीचे केस, दुसरीची छत्री, तिसरीचं हसू. लिफ्टमध्ये माणसं अर्धा मिनिट दिसतात हो. तुकडे तुकडे जमवून केली होती.”

“होती?”

त्यानं तार पिळायला घेतली. तार आधीच सुरात होती, हे तिला ऐकू येत होतं.

म्हणजे आता आहे कुणीतरी! कानसेन उठली. काचेमागे येऊन ती मावशीला म्हणाली, “असेल कुणीतरी. मला काय त्याचं? पण ही कसली गं मुलगी मावशी, आठ गाण्यांत एकदासुद्धा शिंकली नाही! गाण्यातल्या मुली शिंकत नाहीत, त्यांना मेलं सर्दीपडसं होत नाही, केस विंचरायचे नाहीत आणि सदा आपल्या आरशात!” आणि स्वतःच दोनदा शिंकली. गाद्यांची धूळ.

मावशी तिच्याकडे पाहत राहिली. मग यंत्राकडे. मग एकदम लिफ्टच्या आवाजात म्हणाली, “कृपया दरवाजापासून दूर उभे राहा.”

मावशीला काही बोलायचं नसलं, की ती त्या आवाजात जायची.

*

पुढच्या आठवड्यात भलताच घोळ सुरू झाला. कानसेन त्याच्याकडून एक गाणं चार-पाच वेळा गाऊन घ्यायची, आणि मग याच्यातली ही ओळ, त्याच्यातली ती ओळ असं जोडून एक करायची. पण जोडायला शब्द तेच हवेत ना! हा बाबा शब्दच बदलायला लागला.

“काय चाललंय तुमचं?” तिनं बटण दाबून विचारलं. “मागच्या वेळी काय म्हणालात? *मोकळ्या केसांनी तू आरशात पाहिलंस, माझं एक बटण दाबायचं राहिलंच.* आणि आज?”

त्यानं घसा खाकरला. गाऊन दाखवलं –

*केसांत पेन्सिल खोचून तू वर पाहिलंस,*
*माझं एक बटण दाबायचं राहिलंच...*

“पेन्सिल कुठून आली मधेच?”

“आली... सुचली.”

“अहो, पहिल्या कडव्यात मोकळे केस आणि दुसऱ्यात अंबाडा! कडव्याच्या मधे काय ती वेणीफणी करायला गेली का? मी जोडू कसं हे?” आणि तिनं रागानं पेन्सिल उपसली, हवेत नाचवली, आणि बटणाला न लावताच खोचली परत अंबाड्यात.

ताई त्या दिवशी आलेली होती. ती एकदम खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. आधीच बांधलेली. मावशीनं छताकडे बघितलं.

“काय झालं?” कानसेननं विचारलं.

“काही नाही गं बाई,” ताई नाडीतूनच म्हणाली. “काखेत कळसा...”

“ताई!” काचेपलीकडून तो ओरडला. माईकमध्ये नव्हे, नुसताच. त्याला कसं ऐकू गेलं, हा प्रश्न कानसेनला पडायला हवा होता. पडला नाही. तिच्या डोक्यात जोड बसत नव्हता, तेवढंच होतं.

तुम्ही म्हणाल, एवढी कानाची पक्की, आणि तिला एवढं कळू नये? पण तिचंही चुकत नव्हतं. गाण्यातलीला तो ‘तू’ म्हणायचा. हिला पहिल्या दिवसापासून ‘मॅडम’. त्या दोन बायका एकच असू शकतात, हे कुणाच्या डोक्यात येईल? शिवाय जी स्वतःचं सोडून सगळ्यांचं ऐकते, तिला आपल्यावर कुणी गातंय हे सगळ्यात शेवटी ऐकू येतं.

नाडी बांधून झाल्यावर ताईनं बातमी सांगितली. सहज सांगावं, तशी. याच्या कंपनीनं समुद्राकाठच्या शहरात चाळीस मजल्यांच्या इमारतीचं काम घेतलंय. याला पाठवायचं म्हणतात, मोठा हुद्दा, राहायला जागा. “तो म्हणाला, अल्बम झाला की सांगतो. आता सोमवारी शेवटचं उत्तर द्यायचंय.”

“काय सांगणार आहेत?” कानसेननं विचारलं. आवाज अगदी सपाट होता. तिला आवाज सपाट ठेवता यायचा.

“हो म्हणेल. इथे थांबायला काय कारण आहे त्याला?” ताई म्हणाली, आणि कानसेनकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

त्या दिवसापासून कानसेनला चुका सापडायला लागल्या. दुसऱ्या गाण्यात पक्षी ओरडलाय, परत घेऊ. चौथ्यात तारेवर बोट घसरल्याचा आवाज आहे, परत घेऊ. आणि तोही गुणी, “हो ना, मलाही वाटलं. सहाव्यात माझा आवाज जरा बसलाय का? परत घेऊ?” झालेला अल्बम दोघं मिळून उसवत होती आणि परत शिवत होती. मावशी बघत होती. ताई बघत होती. फ्रिज सारखा बंद करून करून आतलं दूध नासलं, तरी कुणी अवाक्षर काढलं नाही.

*

शेवटी मावशीनंच एक दिवस तिला बाहेर पिटाळलं. एका नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सूचना नीट वाजतात का, ते जाऊन ऐकून ये म्हणाली. “आठव्या गाण्याचं मी बघते. बटणं मलाही दाबता येतात.”

कानसेन दिवसभर त्या लिफ्टमधून वर-खाली करत राहिली. प्रत्येक मजल्यावर मावशी सांगायची, दरवाजा उघडत आहे, आणि दार उघडलं की समोर कुणी नसायचं.

रविवारी सकाळी ती यंत्रावर एकटी बसली. खिडकीतून ऊन हत्तीच्या गादीवर आलं होतं. मावशी स्वयंपाकघरात होती. आता जोडायचंच होतं सगळं, उद्या सोमवार. तिनं पाचवं गाणं लावलं, आणि या वेळी ओळी निवडत न बसता, जशी गायली गेली त्या क्रमानं सगळी ऐकायला घेतली. पहिल्यांदा गायलेलं, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा.

आणि गंमत झाली. गाण्यातली मुलगी बदलत गेली. पहिल्यांदा ती आरशात बघणारी, मोकळ्या केसांची, कुणीही. मग तिनं केस वर बांधले. मग पेन्सिल आली. मग तिच्यासमोर चहाचा कप आला, आणि चहा निवला. मग तिनं डोळे मिटले, काहीतरी ऐकण्यासाठी. छत्री गेली. आरसा गेला, त्याच्या जागी नुसती काच आली. काळोखात उभ्या असलेल्या माणसानं एकेक पाऊल उजेडात टाकत यावं, तशी ती येत होती, आणि तिची चाल ओळखीची होती...

कानसेनचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला. पेन्सिल तिथेच होती.

“छे!” ती मोठ्यानं म्हणाली. “आजकाल सगळ्याच खोचतात.”

मग तिनं आठवं गाणं लावलं, जे तिच्या गैरहजेरीत पुन्हा घेतलं होतं, जे तिनं अजून ऐकलंच नव्हतं. ते असं संपत होतं –

*गाण्यातल्या मुली म्हणे शिंकत नाहीत...*
*तू शिंकलीस, आणि खरी झालीस.*

हेडफोन तिनं कानांवरून काढले नाहीत. गाणं संपून गेलं, तरी ती तशीच बसून होती. हे ती बोलली होती. काचेच्या अलीकडे, मावशीशी, बटण बंद असताना...

बंद?

तिनं बटणाकडे पाहिलं. दाबलं. बोट काढलं. दिवा चालूच राहिला, मख्खपणे.

म्हणजे जेव्हा जेव्हा पेन्सिल घालायची राहिली, तेव्हा तेव्हा तिकडे सगळं ऐकू जात होतं. तिची बडबड, तिचं गुणगुणणं, ‘असेल कुणीतरी, मला काय त्याचं’ हे म्हणताना कातरलेला आवाज – सगळं! आणि हा माणूस, ज्याचा धंदाच अडकलेली बटणं सोडवण्याचा, तो गप्प बसून ऐकत राहिला. कारण काय, तर मॅडमनी सांगितलंय, मशीनला हात लावायचा नाही.

“मावशी!”

मावशी हात पुसत दारात आली.

“तुला माहीत होतं?”

“मजला आला की दार उघडतंच,” मावशी म्हणाली. मग जरा थांबून, स्वतःच्या खऱ्या आवाजात, “बाकी एक सांगायचं राहिलं बघ. त्या दिवशी आठव्या गाण्याची शांतता घ्यायची विसरले मी. बोलावलंय त्याला आत्ता. मिनिटाचं तर काम.”

मावशी आयुष्यात कधी काही विसरल्याचं कानसेनला आठवत नव्हतं.

*

तो आला. साबणाचा वास त्याच्याआधी आला. मागून ताई आली, आज गळ्यात शिट्टी नव्हती.

“मिनिटभरासाठी बोलावलंत?” त्यानं विचारलं.

“हो... शांतता राहिलीय,” कानसेन म्हणाली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “तर्क नाही करायचा आज?”

“बसा आत.”

फ्रिज बंद झाला. किल्ली त्यात गेली. तो आत जाऊन खुर्चीवर बसला, गिटार मांडीवर घेतली, हेडफोन चढवले. इकडे ती यंत्रापाशी, डावीकडे मावशी, उजवीकडे ताई. तिनं लाल बटण दाबलं.

“खोलीची शांतता. आठवं गाणं.”

आणि बोट काढलं.

दिवा चालूच राहिला.

हेडफोनमध्ये तिला ऐकू आलं, तो एक मोठा श्वास. पाठ टेकल्याचा आवाज. अंगठा तारेवरून अलगद. एवढं झालं, की अल्बम झाला. मग ती फ्रिजमधून किल्ली काढेल, दार उघडेल, तो जाईल, आणि उद्या कंपनीला ‘हो’ म्हणेल. आणि समुद्राकाठी, चाळिसाव्या मजल्यावर, दार उघडताना मावशीचा आवाज त्याला रोज ऐकू येईल. हिचा नाही.

तिचा हात पेन्सिलीकडे गेला. पेन्सिल निघाली, केस मानेवर सुटले. टोक बटणाच्या कडेपाशी आलं... आणि थांबलं.

ताईनं ते पाहिलं. मैदान हादरवणारी ताई, पण श्वाससुद्धा घेईना. मावशीनं ते पाहिलं. कुठल्याही मजल्याची सूचना तिनं दिली नाही. काचेपलीकडे त्यानं मान वर केली. पेन्सिलीची ती टचक त्याला ऐकू आली नव्हती, आणि म्हणूनच त्याला कळलं होतं, की बटण उघडं आहे.

जिनं एका खोकल्यासाठी, बुटाच्या एका करकरीसाठी, मावशीच्या हसण्यासाठी शांततेची मिनिटं पुन्हा पुन्हा घेतली होती, तिनं पेन्सिल टेबलावर ठेवून दिली.

“शेवटचा तर्क,” ती म्हणाली. आवाज सपाट ठेवायचा तिनं प्रयत्नसुद्धा केला नाही. “चौथा मजला. चहा गार करून पिते. रागीट आहे थोडी. आणि शिंकते.”

तिच्या कानात, अगदी जवळ, नाकातून सुटलेला तो एक छोटा श्वास आला.

“अल्बम कधीच झालाय. पक्षी ओरडला नव्हता, बोट घसरलं नव्हतं, तुमचा आवाज बसला नव्हता. तुम्ही येणं थांबू नये, म्हणून मी चुका काढत होते. आणि तुम्ही त्या मान्य करत होतात. हे मावशीला माहीत आहे, ताईंना माहीत आहे, त्या हत्तीलासुद्धा माहीत असेल, पण कुणी बोलायला तयार नाही, म्हणून मी बोलते.” तिनं काचेवर हात टेकवला. “मला तू आवडतोस. आता गाणं नसलं, तरी ये.”